गोदूनं भरलेली ओटी

कॉलेजात आम्हा मैत्रिणींचं मंडळ होतं. पुढं कुणी डॉक्टर झाली, कुणी वकील. नियम एकच: प्रत्येकीनं आपल्या गावची एक मुलगी कॉलेजात आणायची.

१९५० साली माझी चुलत बहीण गोदू मॅट्रिक झाली. मी मंडळाला कळवलं, ‘रेवसकडच्या आमच्या गावात लायक कुणी नाही.’ गावातली एकुलती ग्रॅज्युएट म्हणून मलाच राहायचं होतं, दुसरं काय! गोदूला सांगितलं, मंडळ नाही म्हणालं. तिचं लग्न झालं, ती मिठागरात राबू लागली.

मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा गावानं सत्कार केला. ओटी गोदूनं भरली. मिठानं तिचे तळहात फाटले होते.

"ताई, माझ्या पोरीसाठी मंडळात शब्द टाकशील? माझ्या येळंला तू लय खटपट केलीस."

मी पदर पसरून तशीच उभी राहिले.