व्याह्यांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं कव्हर

अख्ख्या जिल्ह्यात बंदुकीला भिणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण बंदुकीसाठी भिणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझी थोरली लेक पडेगावात त्यांच्या घरी दिलेली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. क्रांती चौकाजवळ जीपच्या सीटा आणि फटफटीच्या गाद्या शिवण्यात चाळीस वर्षं काढली. लिहायची सवय नाही, पण टाका सरळ घालतो आणि बोलतोही तसंच. इथं जे लिहितोय ते सगळं त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे. एकच गोष्ट राहिली, ती शेवटी सांगतो.

शहर वाढत वाढत पडेगावाला भिडलं तेव्हा व्याह्यांच्या वावरात प्लॉटिंग पडलं. ज्वारी गेली, सिमेंटचे खांब आले, आणि व्याह्यांना एकदम वाटायला लागलं की आपल्या जिवाला धोका आहे. त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या लायसनला अर्ज केला. साहेबानं विचारलं, धोका कोणापासून? हे म्हणाले, "ते लायसन मिळाल्यावर कळंल की." लायसन मिळालं, रिव्हॉल्व्हर आलं, पण दुश्मन काही शेवटपर्यंत मिळाला नाही. मग सगळी काळजी त्या रिव्हॉल्व्हरवरच जाऊन बसली. त्याची झिलई होती मोठी देखणी, निळसर काळी, कावळ्याच्या मानेसारखी. ती झिलई कव्हरात घासून जाऊ नये, एवढं एकच काम व्याह्यांनी पुढं कित्येक वर्षं केलं.

विकत आणलेलं कव्हर आतून खरबरीत लागलं म्हणून त्यांनी विहीणबाईंच्या लग्नातल्या शालूचा पदर कापून आत अस्तर लावलं. पदराला जर होती. जरीनं दोन दिवसांत नळीवर ओरखडे काढले. विहीणबाई शालू गेला म्हणून रडत होत्या, हे ओरखडे बघून रडत होते, आणि दोघं एकाच गोष्टीसाठी रडतायत असं समजून शेजारीपाजारी समजूत काढत होते. मग आत खोबरेल तेल सोडून बघितलं. ती दुष्काळाची वर्षं. रस्त्यानं दिवसभर पाण्याचे टँकर आणि मुरमाचे डंपर चालायचे, धुरळा असा की समोरचा माणूस आवाजावरनं ओळखायचा. तेलाला तो धुरळा चिकटला आणि कव्हराचा आतून पॉलिशपेपर झाला. स्पीडब्रेकर आला की हे फटफटीवरनं उतरायचे, गाडी हातानं पलीकडं न्यायचे आणि मग पुन्हा बसायचे. कारण काय, तर हिसक्यानं आत घासतं.

घामाच्या हातानं लोखंडाला डाग पडतो, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळं रिव्हॉल्व्हरला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. त्यांच्या वस्तीच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच टँकर यायचा त्या दिवसांत. विहीणबाई भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायच्या आणि हे गृहस्थ पिण्याच्या पाण्यातला तांब्या हातावर ओतायचे. मी एकदा म्हणालो, "पाव्हणं, म्हैस तहानली तुमची." तर म्हणाले, "म्हशीला गंज चढत नाय."

एकदा टँकरवर मारामारी झाली. कुणीतरी ह्यांच्या डोक्यात घागर घातली. हे दोन्ही हातांनी कंबर झाकून, तान्ह्या पोराला धरावं तसं रिव्हॉल्व्हर पोटाशी धरून खाली बसले आणि मुकाट मार खाल्ला. टाके घालून घरी आणल्यावर मी विचारलं, "अहो, काढून नुसतं दाखवायचं तरी." व्याही म्हणाले, "मटण खाऊन आलो होतो. हात चिकट होते."

अशा माणसानं नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हांला बोलावलं. आमच्यात व्याह्याला भर पंगतीत आहेर करायचा असतो. टोपी, टॉवेल, कापड. ह्यांनी आधीच निरोप धाडला, "कपडे नका आणू. कव्हर शिवा." मी लागलो कामाला. गाईचं मऊ चामडं, आतून गुळगुळीत बाजू, टाका असा बारीक की मोजायला चष्मा लागावा. सगळ्या पाव्हण्यांपुढं कुंकू लावून ते कव्हर आहेरात दिलं. आता आहेर म्हटला की परत घेता येत नाही आणि परत देताही येत नाही. तिथंच आम्ही दोघं अडकलो.

महिन्याभरात व्याही दुकानात हजर. नळीच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी झिलई उडाली होती. "पाव्हणं, तुमच्या कव्हरानं खाल्लं."

"माझं कव्हर खात नाय," मी म्हणालो.

"मंग मी खाल्लं का?"

"तुमच्याकडं बघून सांगता येत नाय."

व्हायचं ते झालं. लेकीला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सगळं ठरलेलं. व्याह्यांनी सांगून धाडलं, आधी कव्हराचा निकाल, मग सून. माझी बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते न बोलती तर बरं होतं. "तुमच्या तोंडातनं एकदा 'चुकलं' निघालं तर काय जीभ झडते का? पोरगी तिथं अडकून पडलीय." मी म्हणालो, चुकलं असतं तर बोललो असतो.

आणि पडेगावला गेलो. सकाळपासून त्यांच्या ओसरीवर बसलो. खिशात मूठभर चिंचोके होते. व्याही हात धुवायचे, रिव्हॉल्व्हर काढायचे, उन्हाला धरून नळीचं तोंड बघायचे, घासलं का, किती घासलं. फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा कव्हरात सारायचे. प्रत्येक खेपेला मी एक चिंचोका ह्या खिशातनं त्या खिशात टाकत होतो. जेवायची ताटं आली तेव्हा सगळे चिंचोके त्यांच्या पाटासमोर ओतले. एकेचाळीस.

"हे काय?"

"एवढ्यांदा तुम्ही ते काढलं आणि घातलं. घासलं का बघायला काढता, म्हणून घासतंय."

व्याह्यांनी चिंचोके स्वतः एकदा मोजून बघितले. दाराआड लेक उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती का रडत होती, मला कळलं नाही.

"म्हणजे बघायचंच नाय?" लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"नाय. कव्हरात घालायचं, कपाटात ठेवायचं, विसरायचं."

"कुठवर?"

"मी सांगंस्तवर."

लेक त्याच दिवशी माझ्याबरोबर आली. मी जिंकून आलो होतो. रस्ताभर छाती फुगलेली. वास्तविक चामडं ओल पितं, लोखंडाची वस्तू कव्हरात कायमची ठेवायची नसते, हे मला दुकानाची पहिली सुई हातात धरली तेव्हापासून माहीत. पण सगळं कोरडं ठणठणीत होतं, आणि एवढं जिंकल्यावर वर आणखी सूचना कोण देतो? पुढं बऱ्यापैकी पाऊस झाला. धरण भरलं, टँकर बंद झाले. दोन-तीनदा मनात आलं, सांगावं व्याह्यांना, काढा म्हणावं ते बाहेर. पण मग चिंचोके मागं घेतल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं. त्यांनीही कधी विचारलं नाही. भेटले की नातीचं कौतुक करायचे, माझ्या कव्हराची तारीफ करायचे. मला वाटायचं, हरलेला माणूस नरम पडतो.

मागच्या साली व्याही गेले. लायसन त्यांच्या नावाचं, म्हणून हत्यार ठाण्यात जमा करायचं होतं. जावयानं कपाटातनं काढून माझ्यासमोर ठेवलं. मी कव्हराचं बटण उघडलं, तर ते बाहेर येईना. ओढून काढावं लागलं. ती कावळ्याच्या मानेसारखी झिलई कुठंच नव्हती. तांबडा गंज, आणि नळीवर एका रेषेत बारीक बारीक खड्डे. माझी शिवण टाक्याटाक्यानं त्या लोखंडावर उमटली होती.

लेक म्हणाली, "मामंजींना माहीत होतं, दादा. इलेक्शनला ठाण्यात जमा करायला काढलं होतं, तेव्हाच बघितलं त्यांनी. लई वेळ घेऊन बसले होते मांडीवर. परत आणलं आणि पुन्हा त्यातच ठेवलं. म्हणाले, पाव्हण्याला कळू देऊ नको, आहेराची वस्तू हाय, उगं मनाला लावून घ्यायचा."

ठाण्यात हवालदारानं ते रिव्हॉल्व्हर उलटंसुलटं केलं आणि फॉर्म भरता भरता विचारलं, हे असं कशानं झालं. जावई माझी लाज राखायला म्हणाला, "पावसानं झालं असंल."

"नाय," मी म्हणालो. "कव्हरानं. शिवलं मी आणि ठेवायला लावलं मी. माझं चुकलं."

हवालदारानं मान हलवली आणि नुसतं 'गंजलेले' एवढंच लिहिलं. त्याला काय त्याचं. ज्याला ऐकवायचं होतं तो माणूस चार हातांवर असता, तर ते गंजलेलं हत्यार हातात घ्यायच्या आधीसुद्धा जाऊन साबणानं हात धुऊन आला असता.