गाढववाटेने शेवटच्या गावापर्यंत

गणपतीच्या प्रसादाला पेटीभर डाळिंबं हवी असली की आमच्या मंडळातल्या इंजिनिअर मंडळींना मी आठवतो. इथे आखातात, अल मवालेहच्या बाजारात फळांचा घाऊक धंदा मी एकट्याने उभा केला, तेव्हा त्यात नवल नाही. पण जबल अख्दर डोंगरावरच्या सायकल सहलीला मी नाव दिलं, तर त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काका, तुम्ही गाडीतून या. डबे सांभाळायला कोणीतरी हवंच."

डबे मी ड्रायव्हरकडे दिले आणि इब्री गावच्या दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून घेतलेली जुनी सायकल बाहेर काढली. शेवटच्या गावापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं, आणि यांच्या आधी पोचायचं, असं ठरवलं. साठी उलटली म्हणून काय झालं?

पूर्वी या वाटेने गाढवांवरून द्राक्षं खाली उतरत. मोटाररस्ता झाला, गाढवं गेली आणि आता वाट फिरणाऱ्यांसाठी नीट करून दिली आहे. सपाट भागात सायकल चालते. पुढे द्राक्षांच्या मांडवांखालून पायऱ्या चढाव्या लागतात. सपाटीवर त्यांनी मला मागे टाकलं. एकाने जाताना घंटीही वाजवली. ती मी विसरलेलो नाही.

पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा सायकली टाकून सगळे एका मळ्याच्या बांधावर बसले होते. मळ्याचा म्हातारा मालक कॉफी पाजत होता. त्याने मलाही बसवलं, खजूर दिला. दोन पेले झाल्यावर मी रिकामा पेला हलवून परत दिला. इथे पुरे म्हणून असंच सांगतात. पंधरा वर्षं ऑफिसच्या एसीत काढलेल्या आमच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. ते "बस, बस" म्हणत पेला पुढे करायचे आणि म्हातारा तो पुन्हा भरायचा. भरला पेला टाकून उठणं बरं दिसत नाही, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

"काका, याला थांबवा ना," म्होरक्या हळूच म्हणाला.

सांगायला एक क्षण पुरला असता. "घ्या सावकाश," मी म्हणालो, "डबे कुठे पळून जात नाहीत." आणि सायकल तिथेच सोडून पायऱ्या चढायला लागलो. गुडघे कुरकुरत होते, द्राक्षांचे घड डोक्याला लागत होते. मागे वळून पाहिलं नाही.

शेवटच्या गावात मी बूट काढून बसलो होतो तेव्हा ते आले. म्होरक्याने फोटोसाठी सगळ्यांना गोळा केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर काय टाकणार ते वाचून दाखवलं: आम्ही सगळे एकदमच पोचलो.

"एकदम नाही," मी म्हणालो. "मी आधी. तसं लिहिणार असाल तर फोटोत येतो."

तो हसला. मी हसलो नाही. शेवटी त्याने तसं लिहिलं.