वरचे दात आधी

ताईबाईचे आईबाप पटकीच्या साथीत पाठोपाठ गेले आणि मागे राहिला अंगावर पिणारा भाऊ, भाईदास. ही तेव्हा स्वतःच परकरी पोर. पण तिने त्याला काखोटीला मारून लोकांचा कापूस वेचला, दारोदार दूध मागून पाजलं आणि वाढवला. पुढे तो चार बुकं शिकून धुळ्याला दातांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर झाला, तेव्हा बाईला आभाळ ठेंगणं झालं. भावाचं नाव निघालं की तिचा चेहरा खुलायचा. नवऱ्याच्या, बिचाऱ्या झुलालच्या नावाला तो कधी तसा खुलला नाही.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी, पुष्कळ नवस झाल्यावर, तिला कुंदा झाली. आणि पोरीचे वरचे दात आधी आले.

सासू चरकलीच. "वरना दात पहिले उनात! मामाले भारी शे. ह्या दात पडेपर्यंत त्याले पोरनं तोंड दाखाडू नको."

हसायचं तर हसा. पण ज्याला लेकराआधी लेकरासारखं वाढवलं, त्याच्या जिवावर येतंय म्हटल्यावर भली भली माणसं कच खातात. भावाला भेटायला ताईबाई एकटीच जायची. "पोर आजीले सोडत नही," म्हणायची. तो यायचा झाला तर कुंदाला शेजारी लपवायची. हे खूळ भाईदासला कळलं असतं तर त्याने तिला वेड्यात काढलं असतं, म्हणून त्याला कुणी काही सांगायचं नाही, अशी घरात ताकीद होती.

कापूस वेचताना कुंदा बांधावर झोळीत असायची. रडू नये म्हणून फडक्यात गूळ बांधून तिच्या तोंडात दिलेला. सगळ्याच बाया देत. पण गूळ दिवसभर दातांवर राही, आणि पोर तीन वर्षांची होईतो पुढच्या दातांचे काळे खुंट उरले. घास तोंडात धरून ती रडत बसे. लवंगेचं तेल झालं, वैद्याचा लेप झाला. मग एकदा वरचा ओठ सुजला, गाल तट्ट फुगला आणि ताप चढला.

झुलाल म्हणाला, "भाईदासकडे लई जाऊ. त्याना डाक्टर दातसनाच शे."

"नही. लेप लागू पडी."

दातांचा दुसरा डॉक्टर त्यांना माहीत नव्हता. लेप काही लागू पडला नाही. सूज डोळ्यापर्यंत चढली, तेव्हा झुलालने बायकोचं न ऐकता पोर उचलली आणि धुळ्याची मोटार धरली. वाटेत ताईबाईने त्याला एवढंच म्हटलं, "त्याले काही सांगशात तं मन्ही आन शे तुम्हले."

दवाखान्यात तिने कुंदाचं तोंड छातीशी दाबून धरलं. भाईदासने ते ओढून स्वतःच्या बोटांनी उघडलं. त्याने वाकून पाहिलं मात्र, ताईबाईने पदर त्याच्या डोळ्यांवर टाकला. बसलेल्यांना वाटलं, काळजीने बाईचं डोकं फिरलं.

डॉक्टरांनी पू काढला, सुया टोचल्या. पण विष डोक्यात गेलं होतं. उजाडता उजाडता पोर गेली.

भाईदास रडत होता, संतापतही होता. दात वेळेवर काढला असता तर पोर वाचली असती; अशी पोरं बरी होऊन घरी जाताना तो दवाखान्यात रोज पाहत होता.

"अक्का, मी आठे बसेल व्हतू. पहिलेच कसाले नही लई उनी?"

झुलालने तोंड उघडलं. ताईबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. तुझ्यासाठी, हे सांगावं तरी कसं? पोर गेली ती माझ्यापायी, हे ओझं तो जन्मभर वाहणार. तिला दुसरं काहीतरी सांगणं भाग होतं.

"दुधना दात शेतस, पडी जातीन, असं वाटनं माले," ती म्हणाली.

"तू माय शे का कोन शे?" भाईदास म्हणाला, आणि पाठ फिरवून आत गेला.

त्यानंतर तो कधी तिच्या दारी आला नाही. धुळ्याहून कुणी आलं की ताईबाई त्याला गाठते आणि भाईदासची तब्येत विचारते. बरी आहे, असं कळतं.