केआला म्हणाली, लाटेशी भांडू नकोस

माझा धाकटा भाऊ वसईच्या समुद्रात गेला, तेव्हापासून मी देवावर रागावले ती रागावलेच. मासेमारीच्या बोटीवरून तो पाण्यात पडला आणि सापडला तेव्हा आईला त्याचं तोंडही पाहू दिलं नाही. मातीला आलेल्या प्रत्येकाने आम्हाला एकच वाक्य ऐकवलं, ‘देवाची इच्छा.’ ज्यांची मुलं घरी धडधाकट होती, ते हे वाक्य फार सहज बोलत. मला ओरडून विचारावंसं वाटे, की देवाची इच्छा होती तर त्याची वकिली करायला तुम्ही कशाला आलात? त्याचं तो सांगेल. चर्चमधली मिस्सा मी कधी चुकवली नाही, ती सवय लहानपणापासून अंगात मुरलेली होती. पण रोझरी हातात घेतली की मणी पुढे सरकायचे आणि मन जागच्या जागी दातओठ खात बसायचं. त्या रागासकट मी लग्न केलं आणि त्या रागासकटच नवरा व्हिन्सेंटच्या मागोमाग शारजाला आले. पुढे त्याला हमरिया फ्री झोनमध्ये नोकरी लागली आणि मला दुबईत, जुमेराच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, बँक्वेट विभागात. ऑफिसच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. मी माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावून घेतली होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका हिवाळ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात आलं, “गेस्ट को कुछ नया चाहिए. हवाई नाइट करते हैं.” झालं. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आल्या, सुक्या गवताचे घागरे आले, मोठमोठ्या लाटांच्या व्हिडिओ कॅसेट आल्या. आणि लाटांवर स्वार व्हायची फळी, माणसाहून उंच असा एक जुना सर्फबोर्ड आला. त्यावर बर्फ पसरून कोलंबी मांडायची, असा बेत होता. सगळी मांडणी माझ्याकडे होती.

लॉबीतलं पोस्टर बघून एक बाई तडक माझ्या टेबलापाशी आली. पन्नाशी ओलांडलेली, थोराड बांध्याची, उन्हाने रापलेली, पांढऱ्या केसांची जाड वेणी. नाव केआला. ती हवाई बेटांवरचीच होती. तिचा नवरा इथे विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर होता. हिवाळ्यात शमाल वारा सुटून जुमेराचा समुद्र जरा उसळला, की चारदोन परदेशी लोक बोर्ड घेऊन पाण्यात उतरत, त्यांच्यात ही एक. बाजूला आडव्या ठेवलेल्या बोर्डकडे बोट दाखवून तिने इंग्रजीत विचारलं, “यावर कोलंबी ठेवणार?”

“सजावट आहे हो,” मी म्हटलं.

“तुमच्या चर्चमधल्या वेदीवर ठेवाल?”

मला भयंकर राग आला. माझ्या गळ्यातला क्रूस तिने पाहिला होता. एका फळीची तुलना वेदीशी? मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. ती गेली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली आणि बोलू लागली. तिच्या बेटांवर बोर्डसाठी झाड तोडायच्या आधी मुळाशी मासा वाहत आणि प्रार्थना करत. सरदारांचे बोर्ड लांबलचक, साध्या माणसांचे आखूड, पण लाटेवर सगळे जात, बायकासुद्धा. मग अमेरिकेतून धर्मोपदेशक आले. त्यांनी सांगितलं, हा उघड्या अंगाचा खेळ आहे, आळस आहे, पाप आहे. लाटांवरची माणसं कमी कमी होत गेली. “आधी ते पाप होतं,” ती म्हणाली, “म्हणून आमच्याकडून काढून घेतलं. आता त्याची मजा झाली, म्हणून तुम्ही ते विकता.”

धर्मोपदेशक हा शब्द मला झोंबला. म्हणजे माझ्याच प्रभूचं नाव घेणारे. मी म्हटलं, “मग तुम्हाला आमच्या धर्माचा राग असेल.” ती हसली. “मी दर आठवड्याला चर्चला जाते. राग त्या माणसांचा आहे. प्रभूने कुणाची लाट कधी काढून घेतली?”

मग तिने आपल्या भावाची गोष्ट सांगितली. त्यांच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात चार-पाच मजली इमारतीएवढ्या लाटा येतात. एके काळी तिथे जायला कुणी धजत नसे. मग जड, लांब बोर्ड घेऊन थोडे वेडे लोक जाऊ लागले. आता तर वॉटर स्कूटरच्या मागे दोरी बांधून त्याहूनही मोठ्या लाटांवर जातात. तिचा भाऊ जुन्यांपैकी. एकदा लाटेने त्याला तळाशी दाबून धरलं आणि वर यायच्या आत दुसरी लाट अंगावर आली. “त्याने काय केलं?” मी विचारलं. ती म्हणाली, “काहीच नाही. अंग सैल सोडलं. तिथे जो झगडतो, त्याचा श्वास आधी संपतो. लाटेशी भांडू नकोस, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात. ती जाऊ दे. मग पोहायला लाग.”

“वाचला?”

“वाचला.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “माझा नाही वाचला.” आणि मी उठून बाहेर गेले. तिचा भाऊ वाचावा आणि माझा जावा, हा कुठला न्याय? त्या दिवशी मला तिचा, तिच्या भावाचा आणि त्याला वाचवणाऱ्या देवाचा, तिघांचाही सारखाच राग आला होता.

मी परत आले तेव्हा तमाशा सुरू होता. केआलाने बोर्ड स्वतः उचलून भिंतीला उभा केला होता आणि मॅनेजरसाहेब लालबुंद झाले होते. त्यांनी सिक्युरिटी बोलावली आणि या बाईला हॉटेलच्या बीचवरही पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं फर्मान काढलं. तिची वेणी दरवाजातून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. माझा राग आता कुणाकडे वळवावा हे मला कळेनासं झालं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, स्टाफच्या कुटुंबांसाठी बीच खुला होता. शमाल जोरात होता. पाण्यात उतरू नका असं सांगणारा, सकाळी लावलेला लाल झेंडा मॅनेजरसाहेबांनी काढायला लावला, कारण पाहुण्यांची तोंडं वाकडी होत होती. हे मला नंतर कळलं आणि आजही आठवलं की माझं डोकं तापतं. माझी चौदा वर्षांची मुलगी शेरन पाण्यात उतरली. मी वाळूवरून ओरडत होते, “पुरे, बाहेर ये!” आणि ती हात हलवत उत्तर देत होती, “मम्मी, रिलॅक्स! इट्स ओन्ली टिल माय वेस्ट!” पुढच्याच लाटेनंतर तिच्या पायाखाली तळ उरला नाही. पाण्याची ओढ तिला तिरकी खेचत हॉटेलच्या हद्दीबाहेर, शेजारच्या मोकळ्या किनाऱ्याकडे घेऊन चालली. व्हिन्सेंट जेवण आणायला आत गेला होता. भाऊ गेल्यापासून ज्या समुद्रात मी पायाचा अंगठाही बुडवला नव्हता, त्यात मी कपड्यांनिशी धावले.

पोहता मला लहानपणापासून येत होतं, पण ती ओढ पोहण्याला दाद देत नव्हती. जितके हात मारावेत तितका किनारा लांब जात होता. नाकातोंडात पाणी गेलं. ‘नमो मारिया’ म्हणायला गेले तर शब्दच सुचेनात. जे सुचलं ते असं: एक घेतलास, पोट भरलं नाही तुझं? माझी मुलगी परत दे. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी देवाशी कधी बोलले नव्हते.

आणि डाव्या हाताला एक बोर्ड दिसला. केआला त्यावर पालथी पडून दोन्ही हातांनी पाणी मारत येत होती. हॉटेलच्या बीचवर बंदी होती, म्हणून ती शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यावरून उतरली होती. ओढ आम्हाला नेत होती नेमकी तिथेच. तिने आधी शेरनला गाठलं आणि दंडाला धरून बोर्डवर ओढून घेतलं. मग माझ्याकडे बघून ओरडली, “भांडू नकोस! उताणी हो! येते मी!”

मी हात थांबवले. ते श्रद्धेमुळे थांबले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात ताकद उरली नव्हती. मी उताणी झाले, कानात पाणी शिरलं आणि जगातला सगळा आवाज बंद झाला. वर स्वच्छ आकाश होतं. शेरन बोर्डवर आहे, एवढंच मला ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, माझा राग तसाच आहे, पण आता तुला काय करायचं ते कर. लाट आली, तिने मला उचललं आणि खाली ठेवलं. दुसरी आली, तिनेही तेच केलं. हळूहळू ओढ सैल झाल्याचं पाठीला जाणवलं. मग एका जाड हाताने माझ्या दंडाला धरलं.

वाळूवर आल्यावर शेरन मला बिलगली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवीसारखाच होता. केआला खो खो हसली. व्हिन्सेंट धावत आला आणि त्या परक्या बाईच्या पायाशी वाळूतच बसला.

मॅनेजरसाहेब आले ते फोटोग्राफरला घेऊनच. “मॅडम, अच्छी पब्लिसिटी होगी,” म्हणत त्यांनी केआलाच्या गळ्यात प्लास्टिकची माळ घालायला हात पुढे केला. मी ती माळ त्यांच्या हातून काढून घेतली. म्हटलं, “साहब, पहले लाल झंडा. अभी. नहीं तो हर गेस्ट के टेबल पर जाकर मैं खुद बताऊँगी.” ते म्हणाले, “खलास, खलास, बस हो गया, शांत हो जाओ.” मी शांत झाले नाही. झेंडा लागला. हवाई नाइटही झाली, पण कोलंबी साध्या टेबलावर मांडली, आणि ते माझं तिथलं शेवटचं काम ठरलं. ती नोकरी मी सोडली आणि त्याची हळहळ कधी वाटली नाही.

लोक मला विचारतात, हा चमत्कार होता का? मला ठाऊक नाही. एका उर्मट माणसाने एका बाईला हाकललं, म्हणून ती जिथे असायला हवी होती तिथे होती. यात देवाचा हात किती आणि वाऱ्याचा किती, हे मोजायची माझी ऐपत नाही. भाऊ का गेला, याचं उत्तर मला त्या दिवशीही मिळालं नाही आणि ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. फक्त एवढं कळलं, की शरण जायला आधी राग संपावा लागत नाही. मी रागासकट पाण्यावर पडून राहिले आणि त्याने मला तशीच उचलून धरलं.

पुढच्या शुक्रवारी दुबईच्या चर्चमध्ये मी केआलासाठी आभाराची मिस्सा सांगितली. ती शेरनच्या शेजारी, आमच्याच बाकावर बसली होती. मिस्सा कुणासाठी आहे तो हेतू अल्तारावरून वाचताना फादर अडखळले आणि तिचं नाव ‘कमला’ असं वाचून पुढे गेले. चर्च गच्च भरलं होतं. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “केआला, फादर. नीट म्हणा.”

फादर थांबले, चष्मा वर केला आणि त्यांनी ते नाव पुन्हा, नीट म्हटलं.