लिंबाला नेसवलेली साडी

“महालक्ष्म्यांची साडी किड्याच्या मागं टांगून राहिली! तुले काही वाटते का, पद्मिनी?” मोठ्या नणंदेनं, चित्राताईंनी, हिरवी साडी गच्चीवरच्या दोरीवरून ओढून काखेत मारली होती.

“मागच्या वर्षी पूजा झाल्यावर मलेच दिली ना नेसाले? मी लिंबाले नेसवली.”

“ऐक बाबा, ऐक हिची जीभ!”

पद्मिनीचा नवरा, बाबाराव, जिन्याच्या दारात उभे होते. “ते कुंडी आजच खाली जाईल. उद्या महालक्ष्म्यांचं जेवण आहे, वीस पानं इथंच बसतील. सवाष्णींले तुझ्या अळ्यांच्या पंगतीले बसवू का?”

लिंबाच्या त्या कुंडीत, एका काडीला फुलपाखराचा कोश होता. अकरा दिवस पद्मिनी रोज सकाळी त्याचा फोटो काढत होती. आज कवचातून काळे पंख दिसायला लागले होते. म्हणजे उद्या सकाळी फुटणार.

एका शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तिनं मेलेले किडे बाटल्यांत भरले, चिठ्ठ्या डकवल्या. पगार घरी येत होता तोवर कुणाला किळस आली नाही. लेकीनं, मोनालीनं, नवा कॅमेरा घेतला, जुना आईकडे आला, तेव्हापासून घराला किळस यायला लागली.

फोटो काढण्यात तिला गुरू कुणी नव्हता. लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की शेजाऱ्यांची निळी टाकी विरघळून जायची, पण कोशाचीही एक कडाच नीट यायची, बाकी सगळा धूर. छिद्र बारीक केलं की कोश शेंड्यापासून बुडापर्यंत स्वच्छ, आणि मागे टाकीही, वरच्या अक्षरांसकट. यातच एक वर्ष गेलं. मग तिला साडी सुचली. जवळ टांगली तर चुण्या दिसतात, जरीचा काठ चमकतो. काठ दुमडून चार हात मागे टांगली की छिद्र बारीक ठेवूनही मागे नुसता हिरवा रंग उरतो. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ पानांवर रोज बसायची, ती ओल्या ब्रशनं टिपायची. एवढा खटाटोप घरात कुणी पाहिला नव्हता. साडी मात्र लगेच दिसली.

“मम्मी, जाने दो न. एक फोटो ही तो है,” मोनाली मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

“तुझा जुना कॅमेरा आहे म्हणून बोलून राहिली का?” पद्मिनीनं विचारलं.

“काहून पोरीवर घसरते?” बाबाराव पुढे आले. त्यांनी वाकून कुंडीचा काठ धरला आणि ती ओढली. काडी थरथरली. कोश दोन रेशमी धाग्यांवर डोलला, तसाच राहिला.

पद्मिनीनं कुंडीला पाय लावला. नवऱ्याच्या बोटांपासून दोन इंचांवर.

“पाय काढ.”

तिनं काढला नाही. चित्राताईंच्या काखेतली साडी ओढून घेतली, झटकली, पुन्हा दोरीवर टाकली, काठ दुमडला, दोन चिमटे लावले. बाबाराव वाकलेलेच होते.

“उद्या सहापासून मी इथं आहे,” ती म्हणाली. “कुंडी हलणार नाही. पंगत खालच्या खोलीत बसवा. पुरण चित्राताई घालतील.”