गादीवाल्या काकांचा पोकळ गोळा

गादीवाल्या काकांनी चाळीस वर्षांत एकही पोकळ गादी दिली नव्हती. गादी शिवून झाली की मूठ दाबत कोपरान्‌कोपरा फिरायचे. मूठ कुठे खोल गेली तर टाके उसवून पुन्हा भरायचे. कापसात पोकळी म्हणजे कारागिराच्या डोक्यात पोकळी, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, यांना ताटातली रिकामी जागासुद्धा सोसत नाही, म्हणून तर पोट असं सुटलंय.

पोरकी पुतणी त्यांच्याकडेच वाढली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राने तिच्या नाकी नऊ आणले होते. लेखीत आपटली होतीच. गुरुवारच्या तोंडीतही आपटली असती तर वर्ष वाया. वाट्याला आला होता अणूतला 2s ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे कुठे सापडू शकतो त्याचा आकार. तिने काकांना कापसाचा गोळा करायला सांगितलं. मधोमध दाट कापूस, मग विरळ, मग बोटभर जागा अगदी रिकामी, तिच्याबाहेर पुन्हा कापूस. आतला भाग दोऱ्यांवर तोलायचा आणि गोळा मधून उघडला पाहिजे.

काका हो हो म्हणाले. केलंही तसंच. पण ती रिकामी जागा त्यांना बघवेना. घाईत सांगताना चुकली असेल बिचारी. भर वर्गात पोरं म्हणायची, काका गादीवाला आणि गोळा पोकळ. त्यांनी ती जागा ठासून भरली, मूठ दाबून पाहिली आणि चेन लावली.

गुरुवारी काका गोळा घेऊन स्वतःच कॉलेजात गेले. पुढे एका घरी काम होतं, म्हणून कापूस पिंजायची धनुष्यासारखी कमान खांद्यावर होती. वर्गाच्या दाराशी कौतुकाने उभे राहिले.

पुतणीने चेन उघडली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नोड कुठाय यात?" तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

पोरीने भरलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि काकांकडे पाहिलं. वर्गात खसखस पिकली. काय गफलत झाली ते काकांना कळेना. त्यांनी दारातूनच विचारलं, ते नोड की काय, ते कुठे असतं?

"तुम्ही भरलंत ना काका, तिथेच," पोरगी म्हणाली. "तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य. खरं तर बोटभरही नसतं ते, जाडी नसलेला पडदाच. दिसावं म्हणून बोटभर सांगितलं होतं."

काकांनी डोक्याला हात लावला. देवाघरच्या कारागिरानेच मधे पोकळ सोडलंय, आणि आपण ते बुजवायला निघालो. वर पोरीचं वर्ष पणाला लावलं. तरी कारागिराचं डोकं गप्प बसेना.

"मग आतला इलेक्ट्रॉन बाहेर जातो कसा? मधे पाय न ठेवता?"

बाई पुतणीकडे पाहू लागल्या.

तिने काकांची कमान मागून घेतली. कमानीच्या ताणलेल्या दोरीवर, म्हणजे तातीवर, कापसाची बारीक तुसं ठेवली, मध्यावर बोट हलकेच टेकवलं, एका बाजूला तात छेडली आणि बोट उचललं. बोटाच्या दोन्ही बाजूंना तात थरथरली, तिथली तुसं उडाली. मधलं तूस जागचं हललं नाही.

"तात दोन्हीकडे एकदमच हलते," ती म्हणाली. "मधून कुणी चालत जात नाही. इलेक्ट्रॉन म्हणजे इकडून तिकडे पळणारा मणी नाही, अणूभर पसरलेली लाट आहे. जिथे ती हलतच नाही, तो नोड. तातीवर तो नुसता ठिपका आहे, गोळ्यात आतल्या भागाला सगळीकडून वेढणारा पडदा."

चाळीस वर्षं काका ती तात छेडत होते. ते जागचं तूस त्यांनी शंभरदा पाहिलं होतं आणि फुंकर मारून उडवलं होतं. आता ते त्याच्याकडे भूत बघावं तसे बघत होते.

बाईंनी पास केलं. गोळा मात्र दुरुस्त करून वर्गातल्या कपाटात ठेवायला सांगितला. काका तिथेच बाकावर बसले. भरलेल्या जागेतला कापूस चिमूट चिमूट उपसला. शेवटी सवयीने मूठ उचलली, तशी पुतणीने पटकन त्यांचं मनगट धरलं.

"दाबू नका, काका."

काकांनी मूठ खिशात घातली. जन्मात पहिल्यांदा पोकळ माल देऊन ते कामावर निघाले.