सिमेंटची नाकं

बाजारपेठेतल्या त्या जुन्या इमारतीत माझ्या मामांना सगळे ‘नाकवाले’ म्हणायचे. मामा गवंडी. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चुन्यात घडवलेले बत्तीस बायकांचे चेहरे, भोवती वेलबुट्टी. शंभर वर्षांत त्यांची नाकं झडली, ती मामांनी बसवली, भोवतीच्या भेगाही लिंपल्या. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. जिन्याखालच्या खोलीत राहायचे आणि सुट्टी आली की घमेल्यात सिमेंट कालवून परांचीवर चढायचे.

मामी करवादायची, “घरातला नळ गळतोय तो दिसत नाही, आणि परक्या बायकांची नाकं सरळ करतायत!”

“चुना लेचापेचा,” मामा म्हणायचे. “मी सिमेंट घातलंय. आता काय बिशाद आहे पडायची!” अशी चाळीस वर्षं गेली.

मालकाला इमारत पाडायची होती. दर्शनी भिंत जपण्याजोगी ठरली तरच इमारत वाचणार होती, आणि तिच्याबरोबर माझं बटणांचं दुकान नि मामांची खोली. तपासणीला आलेल्या बाईंना मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “हे सगळं आमच्या मामांनी टिकवलंय.” मामा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते.

बाईंनी शिडीवर चढून एका गालावर हलकेच ठोकलं. पोकळ आवाज आला. खाली उतरून त्यांनी मामांनाच त्या चेहऱ्याचं नाक काढून बघायला सांगितलं. मामांनी छिन्नी लावली, तर नाकाबरोबर अख्खा चेहरा हातात आला. मागचा चुना ओल्या पिठासारखा झाला होता. शेजारच्या चेहऱ्याचंही तेच. तिसऱ्याला मामांनी छिन्नी लावलीच नाही.

“चुन्यातून ओल बाहेर पडते, काका. सिमेंट ती कोंडून ठेवतं,” बाई समजावत होत्या. त्यांच्या त्या मऊ आवाजाचाच मला संताप आला. “भिंत आतून कुजलीय. पाडावीच लागेल.”

मामा शिडीवरून उतरले. “म्हणजे मी काहीच केलं नसतं तर?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोला हो, मी मनात म्हणत होते.

“तर नुसती नाकं गेली असती,” त्या म्हणाल्या. “भिंत राहिली असती.”

महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. मामी एकटीच भांडी बांधते. काल तिने कपाट सरकवायला बोलावलं, तर मामा जागचे हलले नाहीत.

“दुसऱ्या कुणाला तरी सांग,” म्हणाले. “माझा हात नको लागायला.”